मार्चमध्ये धावा मोजू नका: स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये नवा पिचर कसा पारखायचा

२०१८ च्या मार्चमध्ये जपानहून नुकताच आलेला, पिचिंग (बेसबॉलमधली गोलंदाजी) आणि बॅटिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाच्या छावणीत, ॲरिझोनातल्या टेम्पीला होता. हंगामाआधीच्या या सरावाला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. कॅक्टस लीगच्या, म्हणजे तिथल्या सराव सामन्यांच्या मालिकेतल्या, दोन सामन्यांत मिळून त्याने पिचिंग केलं ते २ इनिंग आणि वर २ आउट, एवढंच (तीन आउट झाले की एक इनिंग). त्यात ९ धावा गेल्या, त्यातल्या ८ त्याच्या खात्यावर (क्षेत्ररक्षणाच्या चुकीने गेलेली धाव पिचरच्या खात्यात धरत नाहीत). ईआरए, म्हणजे दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा, २७.००. बॅट हातात घेतली तेव्हा ३२ वेळांत ४ हिट. ‘याला आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर धाडा’ असं म्हणणारी माणसं तेव्हा कमी नव्हती. १ एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, ओकलंड ॲथलेटिक्सविरुद्ध त्याने ६ इनिंग टाकून सामना जिंकून दिला. ८ एप्रिलला त्याच संघाविरुद्ध सातव्या इनिंगपर्यंत एकाही बॅटरला बेसवर पाय ठेवू दिला नाही आणि १२ जणांना तीन-तीन स्ट्राइकवर आउट (स्ट्राइकआउट) केलं. वर्षअखेरीस तो अमेरिकन लीगचा (मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला.

मी चँडलरला राहतो. इथून मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल ही मैदानं हाकेच्या अंतरावर आहेत आणि फेब्रुवारी संपता संपता माझे शनिवार-रविवार तिथेच जातात. आपल्याकडची मंडळी भेटली की एकच प्रश्न येतो: ‘तो नवा पोरगा चांगला टाकतो म्हणतात, मग काल तीन धावा कशा दिल्या?’ क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला धावफलक पाहूनच गोलंदाज कळतो अशी सवय असते. मार्चमधल्या बेसबॉलला ती सवय चालत नाही. तिथे प्रश्न दोनच असतात: आज तो कशाचा सराव करत होता, आणि ती गोष्ट जमली का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी आहेत.

एक शब्द आधी सांगून टाकतो. बेसबॉलमध्ये ‘पिच’ म्हणजे खेळपट्टी नव्हे, पिचरने टाकलेला चेंडू. गोंधळ नको म्हणून मी इथे चेंडूच म्हणेन. स्ट्राइक झोन म्हणजे बॅटरसमोरचा, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतचा काल्पनिक चौकोन. त्यातून गेलेला किंवा बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. आणि ‘बॉल’ म्हणजे स्ट्राइक झोनच्या बाहेर गेलेला, बॅटरने सोडून दिलेला चेंडू. असे चार झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, तो वॉक.

पायरी पहिली: तारीख बघा

पिचर आणि कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू पकडणारा) फेब्रुवारीच्या मध्याला छावणीत दाखल होतात, बाकीचे खेळाडू थोडे नंतर. मेजर लीगच्या ३० पैकी १५ संघ ॲरिझोनात सराव करतात, त्यांची ती कॅक्टस लीग. उरलेले १५ फ्लोरिडात, त्यांची ग्रेपफ्रूट लीग. सामने फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि मार्चअखेरीपर्यंत चालतात.

या पाच आठवड्यांत पिचरचा हात हळूहळू तापवला जातो. पहिल्या सामन्यात स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, एक किंवा दोन इनिंग टाकतो, तीसेक चेंडू. मग तीन इनिंग, मग चार. शेवटच्या आठवड्यात पाच-सहा इनिंग आणि ७५ ते ९० चेंडूंपर्यंत मजल जाते. म्हणून २५ फेब्रुवारीची आणि २२ मार्चची कामगिरी एका तराजूत घालू नका. फेब्रुवारीत झोन सापडत नसेल तर त्याला अजून लय मिळालेली नाही एवढंच समजा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातही सापडत नसेल तर मात्र वहीत टिपून ठेवा. मधे कधीतरी, साधारण मार्चच्या मध्याला, हात जड होण्याचे दिवस येतात. बरेच पिचर त्यातून जातात आणि तेव्हा चेंडूत जान नसते. एका तशा सामन्यावरून काही ठरवू नका.

अजून एक गोष्ट नवख्यांना चकवते. हंगामात एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. स्प्रिंगमध्ये तशी मुभा आहे. एखाद्या इनिंगमध्ये फार चेंडू लागले तर व्यवस्थापक त्याला मधेच उठवतो आणि पुढच्या इनिंगला पुन्हा माउंडवर (पिचर उभा राहतो तो उंचवटा) पाठवतो. स्कोअरकार्डावर हे विचित्र दिसतं, पण त्याचा अर्थ पोरगा मार खाऊन पळाला असा नसतो. हाताला ठरलेलं काम पुरं करायचं असतं.

पायरी दुसरी: समोर कोण उभं होतं?

सामन्याच्या पहिल्या तीन-चार इनिंगमध्ये सहसा मेजर लीगचे खरे बॅटर खेळतात. पाचव्या-सहाव्या इनिंगपासून ते कपडे बदलून घरी निघतात आणि पाठीवर ८०-९० असे आकडे असलेली मुलं मैदानात येतात. त्यातली कित्येक पुढचा हंगाम डबल-ए (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) किंवा त्याहून खालच्या पातळीवर काढणार असतात. आठव्या इनिंगला येऊन तिघांना स्ट्राइकआउट करणारा पिचर आणि पहिल्या इनिंगला मुरलेल्या बॅटरांच्या पहिल्या फळीला तोंड देणारा पिचर यांच्या तीन स्ट्राइकआउटची किंमत सारखी नाही. प्रवासातही फरक पडतो. दूरच्या मैदानावर जाताना संघ आपली बडी मंडळी मागे ठेवतात, त्यामुळे पाहुण्या संघाची बॅटिंग बहुधा पातळ असते.

हे मोजण्याची सोय आहे. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर स्प्रिंगच्या आकड्यांशेजारी प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा एक रकाना असतो. १० म्हणजे सगळे बॅटर मेजर लीगचे, ८ म्हणजे ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या, पातळीचे. एखाद्याचा ईआरए १.५० आणि दर्जाचा आकडा ७.३ दिसला, तर तो ईआरए डबल-ए आणि ट्रिपल-एच्या मधल्या मुलांविरुद्धचा आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

२०२४ पासून मार्चमध्ये ‘स्प्रिंग ब्रेकआउट’ नावाचे सामनेही होतात. त्यात एका संघाचे होतकरू खेळाडू दुसऱ्या संघाच्या होतकरूंशी भिडतात. कौशल्य डोळ्यांनी पाहायला ते फार चांगले. निकालावरून अंदाज बांधायला मात्र त्यांचा उपयोग नाही.

पायरी तिसरी: आज तो काय करायला आलाय?

हीच पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त माहिती इथेच मिळते.

रणजीचा गोलंदाज नेटमध्ये तासभर नुसते यॉर्करच टाकत बसला, तर त्याला फटके बसले म्हणून आपण नाक मुरडत नाही. स्प्रिंगचा सामना तशाच नेटचा थोडा गंभीर अवतार आहे. हिवाळ्यात पिचरने नवा चेंडू शिकलेला असतो, चेंजअपची (फास्टबॉलसारखा भासवून टाकलेल्या हळू चेंडूची) पकड बदललेली असते, किंवा प्रशिक्षकाने सांगितलेलं असतं की आज डावखुऱ्या बॅटरांना आतल्या बाजूलाच टाक. मग ज्या परिस्थितीत एप्रिलमध्ये त्याने डोळे मिटून स्लायडर टाकला असता, तिथे तो मुद्दाम कच्चा चेंजअप टाकतो. बॅटर तो उचलून भिंतीपलीकडे मारतो. फलकावर होमरन चढतो. पिचर मात्र प्रशिक्षकाकडे पाहून मान हलवतो, कारण चेंडू हवा तसा खाली वळला होता, फक्त चार इंच वर राहिला होता.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक बॅटरला टाकलेले चेंडू प्रकारानुसार लिहा. फास्टबॉलसाठी ‘फा’, स्लायडरसाठी ‘स्ला’, कर्व्हबॉलसाठी ‘क’, चेंजअपसाठी ‘चें’, शेवटच्या क्षणी खाली बसणाऱ्या स्प्लिटरसाठी ‘स्प्लि’. सुरुवातीला ओळखता येत नाहीत, घाबरू नका. वेगाच्या फलकावरून निम्मं काम होतं. सरळ फास्टबॉल ताशी ९५ मैलांचा असेल तर ८५-८७ चा चेंडू बहुधा स्लायडर किंवा चेंजअप असतो. हाताच्या उलट बाजूला पळाला तर स्लायडर, हाताच्याच बाजूला झुकत खाली बसला तर चेंजअप. ७८-८० ला वरून खाली कोसळणारा तो कर्व्हबॉल. दोन-तीन सामन्यांत डोळा बसतो.

आता वही बघा. एका इनिंगमध्ये एकाच प्रकारचे चेंडू प्रमाणाबाहेर दिसले तर तो सराव आहे, सामना नव्हे. आणि त्या एका चेंडूचं काय झालं एवढंच पाहा. बॅटर फसून आधीच बॅट फिरवून गेले का? झोनच्या जवळ पडत होता, की जमिनीत शिरत होता? पहिल्या इनिंगपेक्षा तिसऱ्यात बरा झाला का? सामन्यानंतरच्या मुलाखती आवर्जून वाचा. पिचर स्वतःच सांगतात, ‘आज मला फास्टबॉल फक्त वरच्या बाजूला टाकायचा होता.’ ते वाक्य ईआरएपेक्षा कितीतरी मोलाचं.

पॉल स्कीन्सचंच पाहा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती निवड) पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला सगळ्यांत आधी उचललं. त्याच्याकडे एक वेगळा चेंडू आहे, सिंकर (खाली बुडणारा फास्टबॉल) आणि स्प्लिटर यांच्या मधला, ‘स्प्लिंकर’ म्हणतात त्याला. त्याला पारखताना शंभर मैलांच्या फास्टबॉलकडे बघायला कुणालाच शिकवावं लागत नाही. फास्टबॉल खणखणीत आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. मेजर लीगचे बॅटर त्या वेगाची सवय करून घेतील तेव्हा त्यांना कोड्यात टाकणारं दुसरं काय आहे, हे पाहायचं होतं.

पायरी चौथी: चेंडूमागे धावू नका, कॅचरचा ग्लोव्ह बघा

काही वर्षांपूर्वी मेसातल्या एका मागच्या मैदानावर, ज्याला बॅकफील्ड म्हणतात, माझ्या शेजारी एक निवृत्त झालेले वयस्कर निरीक्षक (खेळाडू हेरणारे स्काउट) बसले होते. मी प्रत्येक चेंडूला वेगाचा आकडा शोधत मान फिरवत होतो. ते म्हणाले, ‘बाळा, तो आकडा उद्या पेपरात मिळेल. ग्लोव्ह किती हलतो ते आत्ताच दिसेल.’ त्या दिवसापासून मी बसायची जागा बदलली.

होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, जाळीजवळ, किंचित बाजूला बसा. कॅचर चेंडू येण्याआधी ग्लोव्ह जिथे धरतो, तिथे पिचरला टाकायचं असतं. चेंडू तिथेच आला तर ग्लोव्ह जागचा हलत नाही. अर्धा फूट सरकला तर चालतं. बाहेर मागितलेला चेंडू आत आला आणि कॅचरला अंगावरून हात ओढून तो पकडावा लागला, तर तो चुकलेला चेंडू आहे, मग पंचाने स्ट्राइक दिलेला असो की बॅटर त्यावर आउट झालेला असो. अशा चुका मोजा. वीस चेंडूंत चार-पाच असतील तर ठीक. दहा असतील तर धावा शून्य असल्या तरी मला काळजी वाटते.

स्ट्राइक टाकता येणं आणि हवा तिथे स्ट्राइक टाकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्या प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. झोनच्या मधोमध ९७ मैलांचा चेंडू टाकून मायनर लीगची मुलं आउट होतात. मेजर लीगचे बॅटर तोच चेंडू कुंपणापार घालवतात. म्हणून ‘ग्लोव्ह हलला नाही’ हे पंचाच्या हाताच्या इशाऱ्यापेक्षा वरचं प्रमाण माना. पंचाचा निर्णय यंत्राकडून तपासून घेण्याची पद्धत २०२५ च्या स्प्रिंगमध्ये मेजर लीगच्या संघांनी आजमावली आणि २०२६ पासून ती हंगामातही घेतली. त्यामुळे कडेचा चेंडू चलाखीने झोनमध्ये ओढून दाखवणाऱ्या कॅचरवर पिचरला पूर्वीइतकं विसंबता येत नाही.

एखाद-दुसरी इनिंग जागा बदलून पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला जा, पिचरची छाती आपल्याकडे वळते त्या बाजूला. उजव्या हाताचा असेल तर तिसऱ्या बेसकडे. तिथून दोन गोष्टी दिसतात. फास्टबॉल आणि कर्व्हबॉल टाकताना हात एकाच उंचीवरून येतो का? कर्व्हबॉलला खांदा वर जात असेल किंवा हात सावकाश फिरत असेल, तर तुम्हाला स्टँडमधून दिसतंय ते बॅटरला १८ मीटरवरून नक्की दिसतं. आणि दुसरी, चेंडू सुटल्यावर तो तोलात उतरतो की पहिल्या बेसच्या दिशेला कोसळतो. दर वेळी वेगळ्या जागी पाय पडत असेल तर चेंडूही वेगळ्या जागी जाणार.

बेसवर माणूस आला की काय होतं तेही बघा. इथे बरेच कच्चे पिचर उघडे पडतात. पाय फार न उचलता, आखूड हालचालीने टाकावं लागतं. घड्याळ चालू असतं, बेस रिकामे असताना १५ सेकंद आणि कुणी बेसवर असताना १८. धावपटूला रोखायला चेंडू फेकण्याच्या संधीही मोजक्या असतात. या ओझ्याखाली ग्लोव्ह जास्त हलायला लागला का, हे एका वाक्यात लिहून ठेवा.

पायरी पाचवी: वेग, आणि वेगाची घसरण

मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल सध्या ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. क्रिकेटमधल्या अतिवेगवान गोलंदाजाचा हा वेग, आणि अंतर २२ यार्डांऐवजी ६० फूट ६ इंच. त्यामुळे ‘दीडशेच्या वर टाकतो’ यात विशेष काही नाही. इथे ते पोटापुरतं आहे.

फेब्रुवारीत वेग नेहमीपेक्षा एक-दीड मैल कमी असणं साधी गोष्ट आहे. उलट एकच इनिंग टाकायची म्हणून काही मुलं जीव तोडून टाकतात आणि आकडा फुगतो. तो आकडा पाच इनिंगच्या सामन्यात टिकत नाही. म्हणून सर्वांत मोठा आकडा लिहू नका. प्रत्येक इनिंगच्या शेवटच्या पाच फास्टबॉलचा वेग लिहा. पहिल्या इनिंगला ९६ आणि चौथीला ९५ असेल तर हा स्टार्टरचा हात आहे. ९७ वरून ९३ वर आला तर तो पुढे बुलपेनमधून, म्हणजे बदली पिचर म्हणून मधे येऊन, एकेक इनिंग टाकणारा होईल, असा विचार मनात येऊ द्या.

आठवड्यागणिक वेग चढत जायला हवा. तो खाली येत असेल आणि त्याच वेळी चेंडू सारखे वर राहत असतील, तर हाताची शंका घ्या. २०२३ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजचा अँड्र्यू पेंटर १९ वर्षांचा होता आणि संघात पाचव्या स्टार्टरची जागा त्याला मिळेल अशी चर्चा होती. १ मार्चला फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध त्याने दोन इनिंग टाकल्या. पुढे काही दिवसांतच कोपरातला स्नायुबंध दुखावल्याचं निष्पन्न झालं आणि जुलैत टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन याच पिचरचं नाव आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्यावर ती पहिल्यांदा केली. परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत हे वाचताना मन हळहळतं. म्हणूनच मार्चमध्ये पिचर निरोगी हाताने छावणीबाहेर पडला, हीच मी पहिली कमाई धरतो.

पायरी सहावी: हवा आणि चेंडू

ॲरिझोनाची ही मैदानं समुद्रसपाटीपासून तीनशे ते चारशे मीटरवर आहेत. हवा कोरडी, ऊन कडक. चेंडू हातात गुळगुळीत लागतो, वळणारे चेंडू थोडे कमी वळतात आणि उंच उडालेला चेंडू लांब जातो. फ्लोरिडात समुद्रसपाटी, दमट हवा आणि समुद्राकडून येणारा वारा. तेव्हा ॲरिझोनात कर्व्हबॉल थोडा सपाट दिसला तर लगेच नाव ठेवू नका, आणि फ्लोरिडात तो फार छान वळला म्हणून हुरळून जाऊ नका.

चेंडूही वेगळा असतो. मेजर लीगचा चेंडू कोस्टा रिकात बनतो. ट्रिपल-एमध्ये २०१९ पासून तोच वापरतात. डबल-ए आणि खालच्या पातळीवरचा वेगळा, त्याची शिवण किंचित उठलेली. डबल-एमधून थेट मोठ्या छावणीत आलेला मुलगा कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच या चेंडूने सामना खेळत असतो. जपानहून आलेल्यांना तर हा चेंडू जरा मोठा आणि निसरडा वाटतो, कारण तिकडचा किंचित लहान आणि हाताला चिकटणारा असतो. ओहतानीच्या त्या मार्चकडे मी या नजरेनेही पाहतो.

पायरी सातवी: कोणत्या आकड्याला किती वजन

समजा एका होतकरू पिचरने छावणीत १० इनिंग टाकल्या. म्हणजे समोर आलेले बॅटर चाळीस-बेचाळीस. स्ट्राइकआउटचं प्रमाण थोडंफार भरवशाचं व्हायला सुमारे ७० बॅटर लागतात, वॉकचं व्हायला १७० च्या आसपास. मारलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात, हा आकडा तर कित्येक हंगाम स्थिर होत नाही आणि ईआरए मुख्यतः त्याच्यावरच डोलतो. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण इथे भात अजून चुलीवरच आहे.

तरी काही बघायचंच असेल तर या क्रमाने बघा. आधी बॅटरांनी बॅट फिरवली त्यापैकी किती वेळा चेंडू हुकला. लीगची सरासरी चारातून एक. मग स्ट्राइकआउट आणि वॉक: लीगमध्ये शंभर बॅटरांमागे साधारण २२-२३ स्ट्राइकआउट आणि आठेक वॉक असतात. चाळीस बॅटरांत १४ स्ट्राइकआउट आणि २ वॉक असा पिचर मला आवडतो, ईआरए ५ असला तरी. त्यानंतर पहिलाच चेंडू किती वेळा स्ट्राइक पडला. साठ टक्क्यांच्या वर असेल तर मुलगा घाबरलेला नाही. ईआरए सर्वांत शेवटी, आणि जिंकलेले-हरलेले सामने तर वाचूही नका. ओहतानीचा २७.०० हा आकडा आला कसा तो पाहा: ८ धावा गुणिले ९, भागिले पावणेतीनच्या आसपास इनिंग. एका सामन्यात चार आउट घेताना सात धावा गेल्या की गणित असंच होतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर ‘स्प्रिंगचं काही खरं नसतं’ एवढंच डोक्यात राहील. २०२५ मध्ये जपानचा रोकी सासाकी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याने ३ इनिंगमध्ये एकही धाव न देता ५ स्ट्राइकआउट घेतले. सगळे हरखले. १९ मार्चला टोकियोत शिकागो कब्सविरुद्ध खरा सामना आला आणि ३ इनिंगमध्ये ५ वॉक गेले. मे महिन्यात खांद्याच्या दुखण्याने तो जायबंदी यादीत गेला, तोवर ३४ इनिंगच्या वर टाकून स्ट्राइकआउट २४ आणि वॉक २२, ईआरए ४.७२. सप्टेंबरअखेर तो बुलपेनमधून परतला आणि प्लेऑफमध्ये अटीतटीच्या बऱ्याच शेवटच्या इनिंग त्याने टाकल्या. म्हणजे मार्चमधला शून्यही आंधळेपणाने घेऊ नका. तिथेही ग्लोव्ह किती हलत होता, फास्टबॉलला किती बॅट हुकत होत्या, की सगळा भार स्प्लिटरवर होता, हे पाहणाऱ्याला टोकियोचा तितका धक्का बसला नसता.

ज्या मैदानांवर मोजणीची यंत्रं आहेत तिथल्या सामन्यांचा चेंडूगणिक वेग, फिरकी आणि वळण बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. पुण्यात किंवा दुबईत बसून पाहणाऱ्यांसाठी ती मोठीच सोय आहे. गेल्या हंगामाचे आकडे शेजारी ठेवा आणि फरक शोधा: नवा चेंडू आलाय का, जुन्याचं वळण वाढलंय का. वेग आणि वळण हे समोरच्या बॅटरवर अवलंबून नसतात, म्हणून थोड्याशा चेंडूंवरूनही ते खरं बोलतात.

पायरी आठवी: खाली पाठवला म्हणजे नापास नव्हे

मार्चच्या मध्याला बातमी येते, ‘अमुक पिचरची मायनर लीगच्या छावणीत रवानगी’. ती वाचून निराश होऊ नका. मेजर लीगच्या संघात जागा २६. त्याच्यामागे ४० जणांची नोंदणी यादी, आणि तुम्ही पाहत असलेला मुलगा कदाचित तिच्यातही नसेल, नुसता आमंत्रित असेल. त्याला घ्यायचं तर कुणाला तरी काढावं लागतं. शिवाय ज्या खेळाडूला कायमचा न गमावता खाली पाठवण्याची संघाची मुभा संपली आहे, त्याला साहजिकच जागा आधी मिळते.

पैशाचाही हिशेब आहे. हंगामात १७२ दिवस मेजर लीगमध्ये काढले की सेवेचं एक पूर्ण वर्ष धरलं जातं. पहिले दोन-तीन आठवडे खाली ठेवलं की ते वर्ष पुरं होत नाही आणि खेळाडू संघाच्या ताब्यात एक वर्ष जास्त राहतो. यात तरुण खेळाडूवर अन्याय होतो असं मला वाटतं. २०२२ च्या करारात त्यावर थोडा उतारा आला: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाचं श्रेय मिळतं. स्कीन्सला २०२४ च्या मार्चमध्ये खाली पाठवलं. इंडियानापोलिसला ट्रिपल-एमध्ये त्याने २७ इनिंगच्या वर टाकून ४५ स्ट्राइकआउट घेतले, ११ मे रोजी कब्सविरुद्ध पदार्पण केलं, १.९६ च्या ईआरएने हंगाम संपवला, नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित झाला आणि ते पूर्ण वर्ष मिळवलं. पुढच्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार.

वहीत काय लिहायचं

एका सामन्याला एक पान पुरे. वर तारीख, मैदान, समोरचा संघ आणि कोणकोणत्या इनिंगमध्ये टाकलं. मग प्रत्येक बॅटरची एक ओळ: तो मेजर लीगचा की मायनरचा, चेंडूंचे प्रकार, आणि ग्लोव्ह फार हलला तिथे एक फुली. इनिंग संपली की शेवटच्या पाच फास्टबॉलचा वेग. तळाशी दोन ओळी: आज कशाचा सराव दिसला, आणि तो जमला का. धावा लिहायच्याच असतील तर मागच्या बाजूला लिहा.

बॅकफील्डवर जायला सकाळी लवकर निघा. बहुतेक छावण्यांत सकाळचा सराव पाहता येतो, वेळा आणि दारं संघाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्या. टोपी, पाण्याची बाटली आणि उन्हाचं मलम विसरू नका. मार्चमध्ये फिनिक्सचं ऊन दुपारी अंगावर येतं. रडार गन घेऊन बसलेल्या निरीक्षकांच्या मागच्या रांगेत जागा मिळाली तर घ्या. ते कोणत्या पिचरला गन वर करतात आणि कोणत्या चेंडूनंतर वहीत काहीतरी लिहितात, ते पाहून बरंच शिकायला मिळतं. मधे बोलू नका, इनिंग संपल्यावर विचारलं तर बहुतेक जण आपुलकीने सांगतात.

हंगाम सुरू झाल्यावर वही कपाटात टाकू नका. मुलगा ट्रिपल-एमध्ये गेला असेल तर तिथल्या सामन्यांचे चेंडूगणिक आकडेही २०२३ पासून बेसबॉल सॅव्हंटवर उघडे आहेत. एप्रिलमधले त्याचे पहिले तीन सामने घ्या आणि मार्चच्या पानांशेजारी ठेवा. ज्या चेंडूचा तो सराव करत होता, तो आता दोन स्ट्राइक झाल्यावर, सामना अडलेला असताना, विश्वासाने टाकतोय का, ते आधी शोधा.